तिसऱ्या पायरीवरची हाक

पापाच्या तिकटीवरून गुजरीकडं वळलं, की डाव्या हाताला तीन दगडी पायऱ्यांचं एक कापडदुकान लागतं. दुकान चनबसाप्पांचं. इरकल लुगडी, खण, ओटीची कापडं, लग्नाच्या बस्त्यातलं बारीकसारीक, एवढाच माल. दुकानात काचेचं काउंटर नाही, खुर्च्या नाहीत. पांढरी गादी, मागं लोड, आणि गिऱ्हाइकानं चपला पायऱ्यांखाली काढून वर यायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज.

लोकांना वाटायचं, लिंगायत माणूस, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, म्हणून सोवळं पाळतोय. सोवळं कसलं डोंबलाचं! चनबसाप्पा गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्याच्या चपला बघायचे. टाच एका अंगानं घासलेली दिसली, की समजायचं, बाई स्टँडपासून चालत आली, रिक्षा केलेली नाही. अंगठा तारेनं बांधलेला दिसला, की भाव आपोआप खाली यायचा. आणि पुण्याकडचे कोरे करकरीत बूट दिसले, की चनबसाप्पांचा आवाज गोड व्हायचा आणि भाव माडीवर चढायचा. "तोंड खोटं बोलतंय," ते म्हणायचे, "चप्पल न्हाय बोलत."

असा माणसागणिक भाव. कापडाला चिठ्ठी असायची, पण तिच्यावर आकडे नसायचे, अक्षरं असायची. खरेदीचा भाव त्या अक्षरांत लपवलेला. ती अक्षरं दोघांनाच वाचता यायची, एक चनबसाप्पा आणि दुसरी त्यांची बायको चन्नम्मा. चन्नम्मा दुकानात पाटावर बसून लुगड्याच्या काठाला खण जुळवून द्यायची. शंभर खणांच्या गठ्ठ्यातनं नेमका एक ओढायची आणि पुढ्यात टाकायची. निपाणीकडची बाई. नवऱ्याला हाक मारायची ती माहेरच्या कानडीतच, 'री', म्हणजे आपलं 'अहो'.

एकदा काय झालं, मंगळवार पेठेतल्या दोघी जावा आठ दिवसांच्या अंतरानं एकाच पोताचं, एकाच काठाचं लुगडं घेऊन गेल्या. मग भेटल्यावर एकमेकींना भाव सांगितले. अरारा! थोरलीनं चारशे रुपये जास्त मोजलेले. दोघी पायऱ्यांवर येऊन अशा कडाडल्या, की गुजरीतले सोनार काटा सोडून बघायला आले. चनबसाप्पा गादीवरनं हलले नाहीत. म्हणाले, "वैनी, धाकट्या बाईस्नी दिला त्यो कापडाचा भाव. तुमास्नी लावला त्यो तुमच्या बंगल्याचा." थोरली आधी फणफणली, मग बंगल्याचं नाव चारचौघांत निघालं म्हणून आतनं फुलली आणि जाताना आणखी दोन खण घेऊन गेली. आता बोला!

तेच चनबसाप्पा, शाहूवाडीच्या डोंगरातनं बयाबाई म्हातारी नातीसाठी खण न्यायला आली, की तिला खरेदीच्याही खाली द्यायचे. चन्नम्मा डोळे वटारायची. "बंगलेवालीनं दिलंय की तिचं," ते हळूच म्हणायचे. ह्याला चोरी म्हणा नाहीतर धर्म म्हणा, त्यांच्या लेखी तो धंदा होता आणि त्याचे दोन नेम होते. भाव सांगताना माणसाच्या डोळ्यांत बघायचं. आणि उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला तिसऱ्या पायरीवर हाक मारायची.

हाकेचंही शास्त्र होतं. घासाघीस तुटली की गिऱ्हाईक रागानं उठतं. पहिल्या पायरीवर हाक मारली, तर दुकानदाराची गरज उघडी पडते. तिसरी उतरून चप्पल पायात घातली, तर गिऱ्हाईक गेलंच. मधल्या नेमक्या घडीला चनबसाप्पांचा आवाज यायचा, "अक्का, या मागारी. तुमचं ऱ्हाऊ दे, माझं बी ऱ्हाऊ दे." अक्का थांबायची, वळायची, आणि दोघांचीही इभ्रत राखून भाव मध्ये कुठंतरी जुळायचा. "चाळीस वर्सांत," चन्नम्मा शेजारणींना सांगायची, "ह्यांनी एका गिऱ्हाइकाला तिसरी पायरी उतरू दिली न्हाय." जरा वाढवूनच सांगायची, पण फार नाही.

आता ते दिवस राहिले नाहीत. पोरी मोबाइलवर लुगडी बघतात, घरपोच मागवतात. गेल्या चार वर्षांत दुकानात गिऱ्हाइकापेक्षा वर्गणीवाले जास्त चढले असतील. तरी लग्नसराईचे दोन महिने दुकान तग धरून होतं. आणि माघात एका नवरीच्या अंजिरी लुगड्याला चन्नम्मानं हिरवागार खण काढून दिला. नवरीच्या आईला वाटलं चेष्टा करतात. चनबसाप्पांनी बायकोकडं बघितलं, तर ती खण नाकापाशी धरून बसलेली.

"री," ती म्हणाली, "इरकलीचा सरळ काठ मला वाकडा दिसाय लागलाय. कवापासनं."

स्टेशनाच्या पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा हातचा गेलेला आहे, उशीर झाला. डाव्याच्या पडद्याला सूज आहे, तो वाचेल. डोळ्यात सुई द्यायची, महिन्याला एक अशा तीन. तिन्ही वेळेवर पाहिजेत. तिसरी चुकली तर आधीच्या दोन पाण्यात.

आता इथं जे झालं, ते ऐकून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. चनबसाप्पांची एकुलती लेक विद्याश्री, तिचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झालेले, कुरुंदवाडात दिलेली. व्याही प्रभुलिंग, खताचा व्यापार, दारात दोन गाड्या. माणूस सरळ. विहीणबाईंच्या डोळ्याचं कळलं तसा स्वतः गाडी घेऊन आला. "विहीणबाईंचा डोळा म्हंजे आमचाच डोळा, शरणार्थी," असा लिंगायती नमस्कार घालत म्हणाला आणि कागदांची फाइलही त्यानंच हातात धरली. मग काय, व्याह्याबरोबर जायचं म्हटल्यावर चन्नम्मानं ठेवणीतलं लुगडं काढलं, बोरमाळ, पाटल्या घातल्या. चनबसाप्पांनी लग्नातला कोट चढवला, पायात नव्या कोऱ्या कापशी चपला. देवाच्या वरातीला निघाल्यागत दोघं दवाखान्यात गेले.

त्या सुईच्या औषधाच्या कंपनीनं दवाखान्यातच एक टेबल मांडलेलं होतं. वर पाटी, 'रुग्ण साहाय्य'. टेबलाशी स्नेहल नावाची पोरगी, विद्याश्रीच्याच वयाची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिनं संगणकाकडं बघत मोठ्यानं विचारायला सुरुवात केली. "काका, रेशनकार्ड पांढरं का केशरी? घर स्वतःचं का भाड्याचं? दुकान? वर्षाचं उत्पन्न?"

खरं सांगायचं तर कार्ड पांढरं, पण चांगल्या दिवसांतलं. घर चौघा भावांच्या नावावर, वाट्याला दोन खोल्या. दुकान पागडीचं. उत्पन्न ओढूनताणून तीन लाख. पण मागं, अगदी खांद्याशी, प्रभुलिंग फाइल घेऊन उभा! व्याह्यासमोर रडगाणं कोण गाईल? त्यातनं लेकीचं नवं सासर. चनबसाप्पांनी कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "पांढरं. घर सोताचं. दुकान सोताचं. उत्पन्न... घाला बारा लाख." चहात साखर घाला म्हणावं, तसं म्हणाले.

पोरगीनं एक क्षण वर बघितलं, मग त्यांच्या खांद्यामागं उभ्या व्याह्याकडं. बटणं दाबली. "क वर्ग, काका. एका इंजेक्शनचे छत्तीस हजार."

प्रभुलिंगानं आदरानं मान हलवली. चनबसाप्पांनी विचारलंही नाही, की हा 'क' आहे तर 'अ' कितीला असतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या चपला वाचणारा माणूस, स्वतः नव्या चपला घालून दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढला होता आणि तिथं काय विकलं जातं ते त्याला कळलं नव्हतं. व्याह्यासमोर अब्रू राहिली, ह्या आनंदात तो घरी आला.

पहिल्या सुईला पोस्टातली शिल्लक गेली. दुसरीला दुकानातला जुना माल निपाणीच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिला. तिसरीला लग्नसराईचा माल भरायचे पैसे काढले. म्हणजे ह्या साली दुकानात नवं लुगडं येणार नव्हतं, आणि लुगडं नाही तर दुकान कशाला उघडायचं, हा विचार त्यांनी अजून केला नव्हता. चन्नम्माला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या सुईच्या दिवशी दोघंच आले, पण थाट पहिल्या दिवसाचाच, तोच कोट, त्याच चपला. सकाळचे अकरा. चन्नम्माच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले. तिला नुसता उजेड दिसत होता. बाकावर शेजारी कागलकडचं एक जोडपं बसलेलं, हंबीरराव आणि विठाबाई. विठाबाईलाही तीच सुई. हंबीररावांची चार दिवसांची दाढी, शर्टाची कॉलर विरलेली, डोक्यावर मळकी टोपी. कुणालाही कीव यावी. पण चनबसाप्पांची नजर सवयीनं पायांकडं गेली. हातशिलाईच्या, दुहेरी तळाच्या चपला, तेल दिलेल्या, गोंडा शाबूत. हा माणूस उसाचा आहे, गरिबाचा नव्हे, हे त्यांनी तिथंच ओळखलं आणि मनातल्या मनात हसले.

बायकांचं बोलणं लुगड्यावरनं सुनांवर आणि सुनांवरनं सुईवर आलं. विठाबाईनं सहज विचारलं, "तुमची कितीला बसली वो सुई?"

"छत्तीस हजार," चन्नम्मा म्हणाली.

"आँ? आमची तर बारा!"

मग हंबीरराव पुढं वाकले. "पावणं, छत्तीस देतासा? अवो, कुणी सांगितलं तुमास्नी नवरदेवागत नटून याला? आमच्या पोरानं, विश्वजितनं, मला निघताना बजावलं. आबा, चार दिस दाढी करू नगा, बरा शर्ट घालू नगा. टोपी बी गड्याची घातलीया, ही बघा! आठ एकर ऊस हाय, पर कागदावर घर तिघांत वाटलंय. कार्ड केशरी. पोरगीनं बटन दाबलं की बारा." आणि ते स्वतःच्याच हुशारीवर खो खो हसले.

"चपला तेवढ्या बदलाय पायजे हुत्या," चनबसाप्पा म्हणाले.

हंबीररावांनी पाय बाकाखाली ओढले. "चपला कोण बघतंय वो हितं?"

चनबसाप्पांना राग आला नाही. राग कुणावर काढायचा? हा माणूस लबाड होता, पण ते तरी कुठं खरं बोलले होते? ह्यानं गरिबी खोटी सांगितली, त्यांनी श्रीमंती. फरक एवढाच, की ह्याला आपण कुठं आलोय ते माहीत होतं. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चाळीस वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला उसाचा शेतकरी धंदा शिकवून गेला.

चन्नम्मा त्यांच्या आवाजाकडं वळली. मग म्हणाली, "री, तिची आन् माझी बाटली येकच?"

"येकच."

"मग मी सुई घेणार न्हाय."

"खुळी हायस काय? डॉक्टर काय म्हणालं ऐकलंस न्हवं? आजची चुकली तर..."

"ऐकलंय. दोन पाण्यात. जाऊ देत." तिचा आवाज वर चढला, शेजारच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. "त्या जावा आठवत्यात काय, मंगळवारातल्या? थोरलीला तुम्ही बंगल्याचा भाव लावलासा. आमचा कुठला बंगला हाय, री?"

चन्नम्मानं चाचपडत त्यांचा हात शोधला आणि एकदम मऊ झाली. "तुम्ही जावा की. बोला त्या पोरीसंगं. तुम्ही भाव कराय बसलासा आन् उतरला न्हाय, असं कवा झालंय? जल्मभर लोकांचा भाव केलासा, आज माझा करा. बारा हुईल तवाच मी आत जाणार. न्हाय तर ह्यो डोळा बी जाऊ दे, एक गेलाच हाय." आणि हात सोडून ती बाकाला टेकून बसली, जणू काम झालंच आहे. तिचा तो विश्वास बघून चनबसाप्पांना रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. आतनं सिस्टर सांगून गेली, अजून तीन पेशंट, मग तुम्ही.

ते टेबलाशी गेले. खुर्चीच्या कडेवर बसले. पुण्याच्या बुटांना लावायचे तो गोड आवाज काढला. "बाळ, जरा चूक झालीया. त्या दिवशी मी उत्पन्न वाढवून सांगितलं. खरं तीन लाख हाय. तेवढं बदलून घे."

"काका, बदलता येत नाही," स्नेहल म्हणाली. "फेरतपासणीचा अर्ज आहे. तहसीलदारांचा दाखला, तीन वर्षांची कागदं. दीड महिना लागतो. आणि आधीच्या अर्जावर तुमची सही आहे, बारा लाखांवर. खोटी माहिती दिली म्हणून नावच काढून टाकतील. मग बाहेरच्या भावानं घ्यावं लागेल, तो आणखी जास्त आहे."

"दीड महिना? सुई आज हाय."

"व्हय, काका." तिची पुस्तकी भाषा एकदम गळून पडली.

"मालकाला बोलव. मी त्येच्यासंगं बोलतो. व्यापारी व्यापाऱ्याचं ऐकतो."

"मालक असा कुणी नसतोय हितं."

"मग भाव कोण सांगतंय?"

तिनं संगणकाचा पडदा थोडा त्यांच्याकडं वळवला. तीन रकाने होते, अ, ब, क. तिसऱ्यात त्यांचं नाव, चनबसाप्पा, छापील अक्षरांत. त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. हा तर त्यांचाच धंदा होता! माणूस बघून भाव, बंगलेवालीचं घेऊन बयाबाईला द्यायचं, सगळं तेच. फक्त त्यात बघणारं कुणी नव्हतं. डोळ्यांत बघायला समोर डोळे पाहिजेत, ते कुठनं आणायचे?

"काका," स्नेहल हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बारा लाख कशाला सांगितलासा? मला तवाच कळलं हुतं. कोटाची बाही रफू केलेली दिसली मला. पर मागं पावणं हुतं, मी कसं बोलू?"

"दिसलं तर मग लिहायचं न्हाईस व्हय?"

"रफू लिहायला रकाना न्हाय, काका." तिचे डोळे भरले आणि तिनं मान खाली घातली.

आता एकच डाव राहिला होता. चनबसाप्पा उठले. बाकाशी आले आणि चन्नम्माचा हात धरून मोठ्यानं म्हणाले, "चल, ऊठ! ऱ्हाऊ दे ह्यांचं औषध ह्यांच्यापाशी. मिरजेत काय कमी डॉक्टर हाईत? मिरजेला जाऊ."

चन्नम्माला क्षणात उमगलं. चाळीस वर्षं तिनं हा खेळ पाटावरनं बघितला होता, आज पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूनं खेळायचा होता. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते तिनं पदरानं दाबलं. "व्हय व्हय, चला," तीही ठसक्यात म्हणाली. "असल्या भावानं कोण घेतंय!"

दोघं हॉलमधनं चालत गेले, फार भरभर नाही, फार हळू नाही. बरोबर त्या चालीनं, जिला दुकानदार ओळखतो. काचेचं दार ढकललं. बाहेर दवाखान्याच्या सहा पायऱ्या, समोर रिक्षांची रांग, उन्हाचा झगझगाट. चनबसाप्पांनी बायकोचा दंड धरला. पहिली पायरी. इथं हाक येत नसतेच. दुसरी. इथंही नाही. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. चप्पल नीट करायचं निमित्त करून वाकले.

आतनं कुठलंसं टोकन पुकारलं. रिक्षावाला भोंगा वाजवून गेला. त्यांनी वाकल्या वाकल्या मागं बघितलं. काचेपलीकडं स्नेहल खुर्चीतनं अर्धी उठली होती, त्यांच्याकडंच बघत होती. चनबसाप्पांचा जीव कानात आला. मार बाळ, मार हाक, काहीही म्हण, दहा रुपये कमी करते म्हण! पोरगी तशीच घटकाभर उभी राहिली, मग खाली बसली आणि पडद्याकडं बघायला लागली.

तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय होत असतं, ते चनबसाप्पांना चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांना वाटायचं, गिऱ्हाईक रुबाबात उतरतंय. आज कळलं, की त्या अक्का, त्या वैनी, पाठ करून उतरताना देवाचा धावा करत असतील, की ह्या मेल्यानं एकदा तरी हाक मारावी. लुगडं आवडलेलं असायचं, लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असायचं, आणि परत चढायला तोंड नसायचं. इथं तर लुगडं नव्हतं, डोळा होता.

"री," चन्नम्मा कुजबुजली. तिची मान वर, बाहुल्या उन्हात विस्फारलेल्या, काही न दिसणाऱ्या. "मारली काय हाक? गाड्यांच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाय."

चनबसाप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती वाट बघत होती, लहान पोर जत्रेतल्या पाळण्याची बघतं तशी.

"मारली," ते म्हणाले.

"खरं? काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, या मागारी. बारा करते म्हणाली."

"बगा!" चन्नम्मानं त्यांच्या हातावर जोरात थाप मारली. "मी म्हटलं न्हवतं? कोण टिकतंय तुमच्याम्होरं! कितव्या पायरीवर मारली?"

"तिसऱ्या."

"तिसऱ्याच! पोरगी तयार हाय की वो." आणि ती त्यांच्याआधी वळून, चाचपडत, पायऱ्या चढायला लागली.

आपण होऊन मागारी आलेल्या गिऱ्हाइकाला पुऱ्या भावातच घ्यावं लागतं, हे चनबसाप्पांच्या वडिलांनी त्यांना मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. टेबलाशी त्यांनी बायकोला एका अंगाला उभं केलं आणि कोटाच्या आतल्या खिशातनं नोटा काढून स्नेहलपुढं ठेवल्या, सगळ्या. पोरगीनं नोटांकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"बाराच घेतलंस न्हवं, बाळ?" चन्नम्मानं हसत, जरा दुसऱ्याच दिशेला बघत विचारलं. "आमचे हे ऐकणार न्हाईत हं, सांगून ठेवते."

स्नेहलचा हात कीबोर्डवर थांबला. चनबसाप्पांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाकडं, कुठल्या सावकाराकडं बघितलं नसेल असं तिच्याकडं बघितलं.

"व्हय काकू," ती म्हणाली. "बाराच."

यंत्रातनं पावती बाहेर आली. वर कंपनीचं नाव, खाली ठळक अक्षरांत छत्तीस हजार. चनबसाप्पांनी हात पुढं केला, तेवढ्यात चन्नम्माचा हात आला, हवेत शोधत शोधत. "ती माझ्याकडं द्या."

"कशाला तुला? मी ठेवतो की फायलीत."

"न्हाय. द्या हिकडं." तिनं पावती हातातनं ओढूनच घेतली, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या बटव्यात कोंबून नाडी आवळली. "डोळं बरं झालं की पयलं हेच वाचणार मी. विद्याश्रीला दावणार. प्रभुलिंग पावण्यास्नी बी दावणार, आमच्याकडं भाव कसा करत्यात ते."

बाकावरनं विठाबाईनं विचारलं, "काय झालं वो?" आणि चन्नम्मानं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, की बारा केलं, तिसऱ्या पायरीवर हाक मारली. हंबीररावांनी गड्याची टोपी काढून चनबसाप्पांना वाकून नमस्कार केला. "मानलं पावणं तुमास्नी," ते म्हणाले. चनबसाप्पांनी दोन्ही हात जोडले.

सिस्टर चन्नम्माला हाताला धरून आत घेऊन गेली. चनबसाप्पा बाकावर बसून राहिले. गळ्यातल्या लिंगाला हात लावला. दर खेपेला ते तिच्या डोळ्यासाठी मागायचे. आज हात तसाच राहिला. तिला दिसू दे म्हणावं तर बटव्यातली पावती आठवायची. दिसू नको दे, असं कुठला नवरा म्हणेल? शेवटी त्यांनी पहिलंच मागितलं आणि हात खाली घेतला.

अर्ध्या तासानं डॉक्टर स्वतः बाहेर आले. खूश दिसत होते. "बाबा, छान चाललंय. सूज पुष्कळ उतरलीय. आता काळजी करू नका. महिन्याभरात बारीक अक्षरसुद्धा वाचतील त्या."

"महिन्याभरात?" चनबसाप्पांनी विचारलं.

"कदाचित आधीच."

"बरं झालं," चनबसाप्पा म्हणाले, आणि आपल्या नव्या चपलांकडं बघत बसले.